लिस्ट हलवा, दप्तर हलवू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तांत्रिक मानके ठरवणाऱ्या समित्या आणि कार्यगट यांच्या मेलिंग लिस्ट (एका पत्त्यावर आलेले पत्र सर्व सदस्यांना पोचवणाऱ्या ई-मेल याद्या) जुन्या सर्व्हरवरून नव्यावर नेण्याची कामे गेली काही वर्षे ठिकठिकाणी चालू आहेत. अशा कितीतरी लिस्ट ‘मेलमन’ या मुक्त प्रणालीच्या दुसऱ्या आवृत्तीवर चालत आल्या. ती आवृत्ती पायथन २ या प्रोग्रामिंग भाषेवर उभी, आणि पायथन २ ची देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. मेलमन ३ एप्रिल २०१५ मध्येच आले होते; पण चालतंय तोवर चालू द्या, ही वृत्ती काही फक्त सरकारी कचेऱ्यांची मक्तेदारी नाही. आता नव्या ऑपरेटिंग सिस्टीममधून पायथन २ च निघून गेल्यावर पळवाट उरलेली नाही.

पुण्याला हा विषय परका नाही. वाहन उद्योगाची ‘एआयएस’ मानके तयार करणाऱ्या समितीचे सचिवालय इथल्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेत आहे. भारतीय लिप्या संगणकावर आणण्याचे मोठे काम सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेत झाले. जागतिक मानक-गटांची पत्रे रोज वाचणारे अभियंतेही हिंजवडीपासून खराडीपर्यंत पुष्कळ आहेत. तेव्हा हे स्थलांतर करताना नेमके काय बिघडते, ते मांडावे म्हणून हे पत्र.

पहिला घोटाळा समजुतीचाच. काम अंगावर घेणारा बहुधा धरून चालतो, की लिस्ट म्हणजे सदस्यांचे ई-मेल पत्ते. ते नव्या सर्व्हरवर नेणे हे एका दुपारचे काम आहे. खरे ओझे असते ते वीस-पंचवीस वर्षांच्या जाहीर पत्रव्यवहाराचे, म्हणजे आर्काइव्हचे. मानकाच्या छापील प्रतीत काय ठरले एवढेच असते. का ठरले, कोणता पर्याय कुणी का नाकारला, हे त्या पत्रांत असते. इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफने तर ही गोष्ट लेखीच करून ठेवली आहे. १९९८ च्या आरएफसी २४१८ या तिच्या नियमपत्रानुसार, लिस्टवर चर्चा न झालेल्या विषयावर प्रत्यक्ष बैठकीत काही ठरले, तर तो निर्णय लिस्टवर पुन्हा तपासला गेलाच पाहिजे. म्हणजे तिथे लिस्ट हीच समितीची कार्यवृत्ताची वही.

आपल्या घरचे उदाहरण ‘ॲ’चे. हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे जगभरच्या लिप्यांतल्या अक्षरांना संगणकीय क्रमांक देणाऱ्या मानकात, स्वतंत्रपणे आले ते २००८ च्या ५.१ आवृत्तीत. तक्ता उघडला तर एक चौकट, एक क्रमांक आणि एक नाव दिसते. हाताशी ‘ऍ’ असताना हे वेगळे अक्षर कशाला हवे, हा प्रश्न उद्या कुणाला पडला तर उत्तर तक्त्यात मिळणार नाही. ते प्रस्तावांत आणि त्यांच्यावरच्या चर्चांत शोधावे लागते. पेटंटच्या भांडणात तर जुन्या पत्राची तारीख थेट पैशांत मोजली जाते. २०१२ मध्ये अमेरिकेच्या फेडरल सर्किट न्यायालयाने ‘रिस्क्स डायजेस्ट’ या संगणकाच्या धोक्यांवरच्या ऑनलाइन नियतकालिकातला १९८६ चा एक लेख, तो केवळ संगणकावर प्रसिद्ध झालेला असूनही, पेटंटविरोधातला पूर्वप्रसिद्ध मजकूर म्हणून ग्राह्य धरला. तो लेख त्या दिवशी लोकांना सापडण्याजोगा होता, हे तिथे महत्त्वाचे ठरले.

दुर्लक्ष झाले तर काय होते, ते याहू ग्रुप्स या ई-मेल गटांच्या सेवेने दाखवले आहे. ऑक्टोबर २०१९ मध्ये घोषणा झाली, त्याच महिन्याच्या २८ तारखेपासून नवे काही चढवणे बंद झाले, आणि १५ डिसेंबर २०२० रोजी सेवाच संपली. ज्यांनी वेळेत उतरवून घेतले त्यांचे वाचले. ‘आपण सगळे व्हॉट्सॲपवरच येऊ की’ असे सुचवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे. तिथल्या संदेशाला बाहेरून उघडता येईल असा जाहीर पत्ताच नसतो. सोसायटीच्या पाण्याच्या टँकरसाठी तो गट उत्तम.

आता प्रत्यक्ष कामाकडे. मेलमन २ मध्ये प्रत्येक लिस्टचा मूळ पत्रव्यवहार एका ‘एमबॉक्स’ फाइलमध्ये साठत जातो. खासगी आर्काइव्हच्या फोल्डरात, लिस्टच्या नावापुढे एमबॉक्स जोडलेल्या उपफोल्डरात ती असते. तीच हवी. पुष्कळ जण वेबपानावर दर महिन्याच्या पुढे जी दाबलेली मजकूर-फाइल उतरवायला ठेवलेली असते ती उचलतात आणि सगळे मिळाले म्हणून निश्चिंत होतात. ती फाइल वाचण्याच्या सोयीसाठी छाटलेली असते. तिच्यात बरीचशी हेडर (पत्राच्या डोक्यावरच्या तारीख, मार्ग, ओळख अशा नोंदी) नसतात, ई-मेल पत्त्यांतले @ चिन्ह काढून तिथे शब्द घातलेला असतो, आणि जोडपत्रांच्या जागी ‘जोडपत्र काढले, अमुक ठिकाणी पाहा’ एवढी ओळ असते. त्या जोडपत्रांचे फोल्डर वेगळे आणावे लागते. ते राहिले की मसुद्याच्या सगळ्या पीडीएफ आणि आकृत्या गेल्या. सर्व्हर दुसऱ्याच्या ताब्यात असेल तर एमबॉक्स लेखी मागून घ्या, आणि सर्व्हर बंद व्हायच्या आधी मागा.

एमबॉक्सचा स्वतःचा एक जुना दोष आहे. या फाइलमध्ये प्रत्येक पत्राची सुरुवात ‘फ्रॉम’ हा इंग्रजी शब्द आणि त्यापुढे मोकळी जागा अशा ओळीने होते. आता मजकुरातलीच एखादी ओळ योगायोगाने त्याच शब्दाने सुरू झाली, तर फाइल वाचणाऱ्याला तिथे नवे पत्र सुरू झालेसे वाटते. एका पत्राची दोन होतात, आणि दुसऱ्या तुकड्याला ना लेखक ना तारीख. अशा ओळीपुढे बाणाचे चिन्ह लावून ठेवण्याची पद्धत आहे, पण जुन्या फाइलींत ती सगळीकडे पाळलेली नसते. मेलमन २ बरोबर ‘क्लीनआर्च’ नावाची छोटी आज्ञावली येते. ती अशा संशयित ओळी शोधून दुरुस्त करते. आधी नुसता अहवाल काढून पाहावा, मगच दुरुस्ती करावी. ई-मेलबद्दलच्या चर्चेत लोक हेडरसकट नमुने चिकटवतात. तिथे खरी सुरुवात कोणती आणि नमुना कोणता, हे आज्ञावलीलाही नेहमी कळत नाही. डोळ्यांनीच पाहावे लागते.

या दुरुस्तीत मोठा सापळा आहे. पायपरमेल, म्हणजे मेलमन २ चे आर्काइव्ह, प्रत्येक पत्राला सहा आकडी क्रमांक देते आणि वर्ष-महिन्याच्या फोल्डरात त्या क्रमांकाचे पान करते. दुरुस्त केलेल्या एमबॉक्सवरून ही पाने नव्याने बांधली, की फुटलेले एक पत्र जोडले गेल्याबरोबर त्यापुढचे सगळे क्रमांक एकाने सरकतात. जगभरच्या मानकांत, प्रबंधांत, बग-नोंदींत त्या पानांचे पत्ते दिलेले असतात. पान सापडत नाही ही त्यातल्या त्यात बरी अवस्था. पान सापडते, पण पत्र दुसऱ्याच कुणाचे असते, ही वाईट. कारण चूक झाली आहे हे वाचणाऱ्याला कळतच नाही. पेशवे दप्तरात रुमालांचे क्रमांक कुणी नीटनेटकेपणाच्या हौसेने बदलले, तर आजवरच्या सगळ्या तळटीपा आंधळ्या होतील, तसेच हे. पुण्यात चौकाचे नाव बदलले तरी रिक्षावाला जुन्या नावाने नेऊन सोडतो. संगणकाजवळ असा रिक्षावाला नाही.

म्हणून आमचे मत स्पष्ट आहे: जुनी पाने हलवूच नयेत. पायपरमेलची पाने साध्या तयार फाइली असतात. त्या दाखवायला मेलमन लागत नाही, पायथन लागत नाही, कुठलाही साधा वेबसर्व्हर पुरतो. त्या होत्या तशा, त्याच पत्त्यावर गोठवून ठेवाव्यात. दुरुस्त केलेला एमबॉक्स फक्त नव्या प्रणालीत भरावा. शोध, धागे, नवी पत्रे नव्या जागी. जुने संदर्भ जुन्या जागी. एकच पत्र दोन ठिकाणी दिसते म्हणून काही व्यवस्थापकांना अवघडल्यासारखे होते. होऊ द्यावे. डिस्क स्वस्त आहे, तुटलेला संदर्भ जोडणे महाग.

जुना पत्ता खरोखरच सोडावा लागणार असेल, तर एकेका पानाचे रीडायरेक्ट, म्हणजे जुन्या पत्त्यावर आलेल्याला आपोआप नव्यावर नेणे, करता येते. मेलमन ३ चे आर्काइव्ह म्हणजे हायपरकिटी. ते पत्राचा पत्ता क्रमांकावरून ठरवत नाही. प्रत्येक ई-मेलला ‘मेसेज-आयडी’ हा वेगळा ओळखसंकेत असतो. त्याचे कोनी कंस काढून, शा-१ या गणिती पद्धतीने ठसा (मजकुरावरून काढलेला ठरावीक लांबीचा संकेत) घेऊन, तो बेस-३२ मध्ये, म्हणजे ३२ चिन्हांच्या लिपीत, लिहिला की ३२ अक्षरे मिळतात. तोच नव्या पत्त्याचा शेवट. पायपरमेलच्या प्रत्येक पानावर लेखकाच्या नावाशी उत्तर पाठवायची जी लिंक असते, तिच्या पोटात त्या पत्राचा मेसेज-आयडी दडलेला असतो. तेव्हा जुनी पाने एका छोट्या आज्ञावलीतून फिरवून ‘जुना पत्ता, नवा पत्ता’ अशी दोन रकान्यांची फाइल करता येते. ती अपाचे या वेबसर्व्हरच्या रीराइट-मॅपला, म्हणजे पत्ते बदलून देणाऱ्या सोयीला, द्यायची; हजारो ओळी असतील तर साध्या मजकुराऐवजी डीबीएम या सूचीबद्ध रूपात, म्हणजे शोध जलद होतो. रीडायरेक्ट ३०१ या कायमच्या संकेताने द्यायचे, ३०२ या तात्पुरत्या संकेताने नव्हे. फाइल झाल्यावर वेगवेगळ्या वर्षांतली वीसेक पाने हाताने ताडून पाहावीत. आणि सगळे जुने पत्ते नव्या मुखपृष्ठावर नेऊन सोडण्याचा प्रकार तर कुणीही करू नये. तो रीडायरेक्ट नव्हे, वाटेला लावणे झाले.

मेलमन ३ मध्ये भरण्याचा क्रम असा: आधी रिकामी लिस्ट तयार करायची, मग ‘इंपोर्ट२१’ या आज्ञेने जुन्या लिस्टची मांडणी आणि सदस्य आणायचे, मग हायपरकिटीच्या आयात आज्ञेने एमबॉक्स, आणि शेवटी त्या एका लिस्टची शोधसूची बांधायची. इथे एक खोच आहे, तिने अनेकांचा दिवस खाल्ला असेल. नव्या लिस्टवर उत्साहाने ‘चाचणी’ म्हणून एक ओळ आधीच पाठवली, की आयात आज्ञा समजते की आर्काइव्ह आजपर्यंतचे आहे, आणि त्या ओळीपेक्षा जुने सगळे वगळते. कुठेही लाल अक्षरात तक्रार येत नाही; काम सुरळीत संपते आणि आर्काइव्हमध्ये एकच पत्र असते. ‘अमुक तारखेपासून’ हा पर्याय देऊन पहिल्या पत्राच्या आधीची तारीख सांगितली की अडचण सुटते. त्याहून बरे म्हणजे आयात होईपर्यंत नव्या लिस्टला हात न लावणे.

तारखांचे आणखी एक. जुन्या पत्रांत काहींची तारीख १९७० असते, काहींची भविष्यातली. कुणाच्या तरी संगणकाचे घड्याळ तसे होते, एवढेच. अशी पत्रे मूळ फाइलमध्ये बदलू नयेत. नव्या प्रणालीत भरायच्या प्रतीत मात्र सर्व्हरला पत्र मिळाल्याची तारीख हेडरांत सापडते, ती धरावी. नाहीतर चर्चेतले उत्तर प्रश्नाच्या तीस वर्षे आधी दिसते.

सदस्यांची मांडणी हलवताना सदस्यत्वाच्या अवस्थाही हलल्या पाहिजेत. कुणी डायजेस्ट, म्हणजे अनेक पत्रांचा एकत्र गठ्ठा, घेतो, कुणी पत्रे तात्पुरती थांबवलेली असतात, कुणाचे लेखन मॉडरेशनमधून, म्हणजे व्यवस्थापकाच्या मंजुरीतून, जाते. नुसती पत्त्यांची यादी चिकटवली की हे सगळे पुसले जाते. पाच वर्षांपूर्वी पत्रे थांबवलेल्या माणसाच्या पेटीत एके सकाळी चाळीस पत्रे पडतात आणि तो त्यांना स्पॅम ठरवतो. स्वागतपत्र पाठवण्याचा पर्यायही बंद ठेवा. आणखी एक: मेलमन २ सदस्यांचे पासवर्ड उघड्या मजकुरात साठवते, पूर्वी दर महिन्याला ते ई-मेलने आठवणही करून देत असे. तेव्हा मांडणीची ती फाइल पेनड्राइव्हवर घालून फिरवण्याची वस्तू नव्हे.

आता मराठीचा प्रश्न. परदेशी मार्गदर्शिकांत याबद्दल फारसे सापडत नाही, म्हणून जरा सविस्तर.

युनिकोड मजकूर साठवण्याच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते. जुन्या पत्राच्या हेडरमध्ये ‘हा मजकूर यूटीएफ-८ आहे’ असे लिहायचे राहून गेले असेल, तर आयात करणारी प्रणाली त्याला पश्चिम युरोपीय मजकूर समजू शकते, आणि एका ‘म’च्या जागी तीन परकी चिन्हे उमटतात. हे चुकीचे वाचन तसेच डेटाबेसमध्ये साठले आणि पुन्हा बाहेर काढताना यूटीएफ-८ केले, की दुहेरी बिघाड. म्हणून भरण्याआधी प्रत्येक पत्राचा घोषित संकेत आणि प्रत्यक्ष बाइट जुळतात का हे पाहणारी एक फेरी करावी. त्याहून जुन्या काळातली, फॉन्टच्या चालीवर लिहिलेली मराठी पत्रे वेगळीच. त्यांतले बाइट इंग्रजी अक्षरांचे असतात आणि ठराविक फॉन्ट लावला तरच मराठी दिसते. आयएससीआयआय, म्हणजे आयएस १३१९४:१९९१ या भारतीय मानकानुसार लिहिलेली पत्रेही सापडतात. ती मूळ रूपातच ठेवावीत. युनिकोड रूपांतर शेजारी वेगळे द्यावे, कोणत्या फॉन्टवरून केले ते लिहून. रूपांतरात चूक निघाली तर परत जायला मूळ हवे.

याहून बारीक दगा अदृश्य चिन्हांचा. ‘आचाऱ्यांना’ आणि ‘आचार्यांना’ यांत स्वयंपाकी आणि गुरू एवढा फरक आहे. चंद्रकोरीसारखा तो अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिला जातो: नुक्ता असलेला ‘ऱ’ आणि हलन्त, किंवा साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे ‘शून्य रुंदीचा जोडक’ हे न दिसणारे चिन्ह. ‘अनावश्यक अदृश्य चिन्हे काढून मजकूर स्वच्छ करा’ अशी एक सरधोपट ओळ स्थलांतराच्या आज्ञावल्यांत पुष्कळदा असते. ती चालली की दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले सगळे आचारी आचार्य होतात, दऱ्यांचा दर्या होतो. पडद्यावर शब्द शुद्धच दिसतो, त्यामुळे कुणाला शंकाही येत नाही. आणि लिपीच्या मानकाबद्दलच्या चर्चेत तर वादच या चिन्हाचा असतो! स्वच्छता करणारी ओळ काढून टाका.

तिसरी गोष्ट शोधाची. हायपरकिटीबरोबर शोधासाठी ‘वूश’ ही सूची सहसा ठरलेली असते. शब्द कुठे संपतो हे ती पायथनच्या ज्या नियमाने ठरवते, त्यात मात्रा आणि वेलांटी यांना अक्षर मानत नाहीत. ‘विराम’ हा शब्द तिच्या लेखी व, र, म असे तीन सुटे तुकडे. आणि एका अक्षराचे तुकडे क्षुल्लक म्हणून ती गाळते. म्हणजे ‘विराम’ सूचीत येतच नाही. आर्काइव्हमध्ये पत्र आहे, डोळ्यांसमोर आहे, पण शोधल्यावर काही मिळत नाही. ‘झेपियन’ ही सूची मात्रांना शब्दाचाच भाग धरते, शिवाय मोठ्या आर्काइव्हसाठी ती वूशपेक्षा सरस. देवनागरी पत्रे असलेल्या गटाने पहिल्यापासून तीच लावावी, आणि कामगिरी तपासताना इंग्रजी शब्दांबरोबर चार मराठी शब्दही शोधून पाहावेत: एक मात्रेचा, एक रफाराचा, एक जोडाक्षराचा, एक ‘ॲ’चा.

प्रत्यक्ष बदलाचा दिवस त्यामानाने सोपा, जर तयारी केली असेल तर. डीएनएस म्हणजे डोमेनच्या नावावरून सर्व्हर शोधून देणारी व्यवस्था; तिच्या नोंदी इतरांनी लक्षात ठेवण्याची मुदत एक दिवसाची, म्हणजे ८६,४०० सेकंदांची असेल, तर दोन दिवस आधी ती ३०० सेकंदांवर आणावी. मग जुन्या लिस्टवर आणीबाणीचे मॉडरेशन लावून नवी पत्रे रोखायची, रांगेतली निघून जाऊ द्यायची, एमबॉक्सची शेवटची प्रत घ्यायची, भरायची, आणि एमएक्स नोंद, म्हणजे डोमेनची पत्रे कोणत्या सर्व्हरकडे जावीत ते सांगणारी नोंद, बदलायची. या काळात चार-सहा तास सर्व्हर बंद राहिला तर पत्रे हरवतील ही भीती अनाठायी आहे. ई-मेलचा मूळ नियमच असा, की पाठवणाऱ्या सर्व्हरने किमान चार-पाच दिवस पुन्हा पुन्हा प्रयत्न करावा. भीती वेगळ्याची धरावी: नवा सर्व्हर चालू झाला पण त्यावर लिस्ट अजून तयार नाही, तर तो ‘असा कुणी इथे राहत नाही’ या अर्थाचे ५५० हे उत्तर देतो. ते अंतिम असते. पाठवणारा पुन्हा येत नाही. दार बंद असलेले परवडते, चुकीचे उत्तर देणारा पहारेकरी परवडत नाही.

नव्या सर्व्हरची ओळख जगाला पटवणे हे वेगळे काम. उलटी डीएनएस नोंद (आयपी पत्त्यावरून नाव सांगणारी), एसपीएफ (डोमेनच्या नावाने कोणते सर्व्हर पत्रे पाठवू शकतात त्याची नोंद), डीकेआयएम (पत्रावरची डिजिटल सही) हे सगळे पहिल्या पत्राआधी जागेवर हवे. एसपीएफ नोंद तपासताना दहापेक्षा जास्त डीएनएस विचारणा झाल्या तर ती नोंदच बाद होते. कुणीतरी जुन्या-नव्या सगळ्या सेवा एकाच ओळीत कोंबल्या की हे घडते. फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहू यांनी दिवसाला हजारो पत्रे पाठवणाऱ्यांना डीमार्कही, म्हणजे या दोन कसोट्यांना न उतरणाऱ्या पत्रांचे काय करावे हे जाहीर करणारी नोंदही, सक्तीची केली.

डीमार्कचे आणि मेलिंग लिस्टचे वैर जुने आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूने जाहीर केले, की आमच्या नावाने दुसऱ्या सर्व्हरवरून आलेली पत्रे नाकारा. आणि जगभरच्या लिस्ट एका रात्रीत अडखळल्या. लिस्ट करते तेच: सदस्याचे पत्र घेऊन स्वतःच्या सर्व्हरवरून सर्वांना पाठवते. त्यामुळे एसपीएफ जुळत नाही. वर विषयाआधी चौकटी कंसात लिस्टचे नाव आणि खाली तळटीप जोडते, त्यामुळे डीकेआयएमची सहीही मोडते. घेणारा सर्व्हर पत्र परत करतो. दुष्टपणा पुढे आहे: मेलमन त्या परतीचा गुन्हा पत्र पाठवणाऱ्याच्या नव्हे, घेणाऱ्याच्या खात्यावर मांडते. परतीच्या गुणांची नेहमीची मर्यादा पाच. ती गाठली की निरपराध सदस्याची पत्रे बंद. नव्या सर्व्हरवर पहिल्या पंधरवड्यात शेकडो सदस्य गळाले, तर त्यामागे बहुधा हेच असते. उपाय दोन. विषयाला आणि मजकुराला मुळीच हात न लावणे, म्हणजे सही टिकते. किंवा ज्यांच्या डोमेनचा नियम कडक आहे त्यांच्या पत्रावर पाठवणारा म्हणून लिस्टचा पत्ता घालणे आणि मूळ पत्ता उत्तराच्या रकान्यात ठेवणे. आमचा कल पहिल्याकडे. विषयातले चौकटी कंस काढले म्हणून जुनी मंडळी कुरकुरतात खरी, पण लिस्ट-आयडी या हेडरवरून पत्रे वेगळ्या फोल्डरात टाकता येतात, आणि ती सोय २००१ पासून मानक आहे. परतीची मर्यादा मात्र पहिला महिनाभर शिथिल ठेवावी.

खासगी लिस्टबद्दल सावध राहावे. मेलमन २ मध्ये सगळ्या आर्काइव्हचे मूळ खासगी फोल्डरात असते आणि सार्वजनिक फोल्डरात फक्त दुवे. प्रती काढताना ही रचना लक्षात न घेता सगळेच वेबच्या फोल्डरात ओतले, तर अध्यक्षांच्या बंद लिस्टवरचा पत्रव्यवहार दुसऱ्या दिवशी गूगलवर. खासगी लिस्ट वेगळ्या दिवशी, वेगळ्या फेरीत हलवाव्यात.

जाहीर पत्रांतून आपले नाव काढा, अशी मागणीही येईल. डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायदा, २०२३ हा स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागू होत नाही. पण दुसऱ्याचा फोन क्रमांक तिसऱ्याने पत्रात टाकला असेल तर ती गोष्ट वेगळी. काढायचे ठरले तर तेवढा मजकूर झाकावा, पान तसेच ठेवावे, ‘मजकूर अमुक तारखेला काढला’ एवढे लिहावे. पान नाहीसे केले की पुन्हा क्रमांकांचे रडगाणे.

स्थलांतराच्या दिवशीच्या मूळ एमबॉक्सचा शा-२५६ ठसा काढून तो बैठकीच्या इतिवृत्तात लिहून ठेवावा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालच्या प्रमाणपत्रात असा ठसा द्यावा लागतो. दहा वर्षांनी ही फाइल बदललेली नाही हे दाखवायची वेळ आली तर तो कागद उपयोगी पडेल. मूळ फाइलच्या तीन प्रती तीन ठिकाणी असाव्यात, आणि जाहीर पानांची एक प्रत इंटरनेट आर्काइव्ह या वेबपाने जतन करणाऱ्या संस्थेकडे पोचली आहे ना, हे बघून घ्यावे.

राहता राहिले डोमेन. जुन्या नावाचे वार्षिक शुल्क किरकोळ असते, आणि म्हणूनच ते कुणा एका सदस्याच्या क्रेडिट कार्डावर चालू असते. तो निवृत्त होतो, कार्डाची मुदत संपते, आणि गोठवलेली पाने, रीडायरेक्टची फाइल, सगळे एका रात्रीत जुगाराच्या जाहिरातींखाली जाते. डोमेन संस्थेच्या नावावर करून घ्यावे, मिळेल तितक्या जास्त वर्षांचे शुल्क एकदम भरावे, आणि नूतनीकरणाची सूचना ज्या पत्त्यावर येते तो पत्ता त्याच डोमेनवरचा नसावा.

कळावे,
मेल-सर्व्हर सांभाळणारे काही वाचक,
एरंडवणे, पुणे